काठाकडून आत

ठिगळांच्या पांघरुणाचा काठ शेवटी येतो, असे शिवणकामाची बहुतेक पुस्तके सांगतात. आधी मधला भाग जुळवायचा, तो पलंगाला पुरेसा झाला की भोवती पट्ट्या जोडायच्या, अस्तर घालून टाके मारायचे आणि कडेने गोट लावून काम संपवायचे. संग्रहालयांतल्या नोंदीही याच क्रमाने लिहिल्या जातात. मधल्या नक्षीचे नाव आधी येते आणि काठाचा उल्लेख असलाच तर एका ओळीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिला तिथे कवंदी म्हणतात, आणि कवंदीत हा क्रम उलटा आहे. पहिला टाका काठावर पडतो, ठिगळे काठाकडून आत सरकत जातात आणि मध्य सगळ्यात शेवटी भरतो. हा फरक हाताच्या सवयीचा आहे असे म्हणून सोडून देता येईल. पण तसे केले तर ठिगळकामाच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट निसटते. माझे म्हणणे असे आहे की आधी आराखडा न काढता, हाती येईल त्या कापडावर शिवल्या जाणाऱ्या पांघरुणांत रचनेचे खरे निर्णय काठावर होतात. काठ कधी घातला आणि काम कोणत्या दिशेने सरकले, हे कळल्याशिवाय ती रचना वाचताच येत नाही.

सिद्दी म्हटले की मराठी वाचकाला जंजिरा आठवतो, किंवा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. उत्तर कन्नडच्या रानातल्या सिद्दींचा इतिहास सत्तेचा नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढची तीन शतके पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिककडून, माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली गेली. त्यांतले जे पळाले किंवा सुटले, त्यांच्यापैकी अनेकांनी घाट चढून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, जोयडा या भागात वस्ती केली. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. घरातली बोली कोकणी-मराठी वळणाची, कन्नड मिसळलेली. हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता, त्यामुळे घाटाच्या या बाजूशी त्याचा संबंध नवा नाही. सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. त्याआधीच्या पिढ्या बहुतांशी दुसऱ्यांच्या शेतांत आणि सुपारीच्या बागांत राबल्या. अशा घरात नवे कापड क्वचित येते आणि आलेले कापड पार चिंधी होईपर्यंत टाकले जात नाही. सह्याद्रीच्या त्या अंगाला पाऊस उदंड, हिवाळ्याच्या रात्री गार आणि झोपणे जमिनीवर. कवंदी खाली अंथरायला लागते, वर घ्यायला लागते आणि तान्ह्या मुलाला गुंडाळायलाही लागते.

तिची शिवण अशी. जुन्या सुती साडीचा अखंड तुकडा जमिनीवर पसरून अस्तर म्हणून घेतात. कपडा झिजलेला असेल तर आतून आणखी एखादे जुने धडपे घालतात. अस्तराची कड आत दुमडायची, त्या दुमडीवर पहिले ठिगळ ठेवायचे, त्याचीही कड आत मुडपायची आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत जायचे. एक ठिगळ संपत आले की त्याच्या टोकाखाली दुसरे सरकवायचे. अशी कडेने एक फेरी झाली की तिच्या आतल्या बाजूला दुसरी फेरी, मग तिसरी. ठिगळ जोडण्याचा टाका आणि थर एकत्र धरण्याचा टाका असे दोन वेगळे टाके इथे नाहीत. एकच धावदोरा दोन्ही कामे करतो. त्यामुळे पुऱ्या झालेल्या कवंदीवर टाक्यांच्या एकात एक बसलेल्या चौकटी दिसतात आणि बाई कोणत्या वाटेने मध्यापर्यंत आली ते दोऱ्यावरूनच कळते. चारही कोपऱ्यांत दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी उघडी दिसते, असे त्या बायका मानतात. हे सगळे आज आपल्याला तपशिलात ठाऊक आहे त्याचे बरेचसे श्रेय अमेरिकेतले कला-इतिहासकार हेन्री जॉन ड्र्यूअल यांना जाते. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी सिद्दी वस्त्यांत काम केले, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधील शॉम्बर्ग केंद्रात या गोधड्यांचे प्रदर्शन झाले.

आता थोडा हिशेब करू. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद अस्तर घेतले आणि चारही बाजूंनी तीन-तीन इंचांच्या सारख्या फेऱ्या घातल्या, तर प्रत्येक फेरीला लांबीतून सहा इंच जातात आणि रुंदीतूनही सहाच. दहाव्या फेरीला रुंदी संपते. लांबीचे दोन फूट मात्र उरतात, म्हणजे मध्य हा चौकोन राहत नाही, दोन फुटांची एक चीर होते. ज्या बाईला मध्यभागी चौकोन हवा असेल तिला आखूड बाजूंवर रुंद ठिगळे आणि लांब बाजूंवर अरुंद ठिगळे घ्यावी लागतात, आणि हे तिने बाहेरच्या फेऱ्यांपासूनच सुरू करायला हवे. मध्य गाठल्यावर ते सुधारता येत नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांत उशिरा लक्षात आले तर तिथे एकदम मोठे तुकडे घालून ओढाताण करावी लागते. कुठल्याही कवंदीच्या मध्याकडे पाहून बाहेरच्या फेऱ्या कशा गेल्या याचा अंदाज बांधता येतो तो यामुळेच. ज्याला पाहणारा मुख्य नक्षी समजतो तो भाग काठावर आधीच ठरलेल्या गोष्टींची बाकी आहे. आराखडा कागदावर नसतो, पण पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तो कापडावर मांडला जातो, आणि पुढची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला उत्तर देत जाते.

बाहेरून आत जाण्यात एक अडचण आहे आणि ती शिवणारे ताबडतोब दाखवतील. वरचा थर आधीच सलग असेल तर कडेकडून टाके घालत आल्यावर जादा कापड मध्यावर गोळा होते, चुण्या पडतात. यंत्रावर रजई शिवणाऱ्यांना मध्यापासून बाहेर जा असे शिकवतात ते याचसाठी. सैल पडलेले कापड कडेला ढकलायचे आणि शेवटी कातरून टाकायचे. कवंदीत ही अडचण येत नाही, कारण वरचा थर आधी नसतोच. तो ठिगळागणिक वाढतो. अस्तर थोडे सरकले तर पुढचे ठिगळ बोटभर कमी-जास्त घेऊन भरपाई होते. आणि शेवटी कातरायला काहीही उरत नाही, कारण कड पहिल्याच दिवशी पक्की झालेली असते. कापडाची ददात असलेल्या घरात ही गोष्ट फार मोठी आहे. मध्यापासून सुरू करणाऱ्या पद्धतीत शेवटी कडेची कातरण निघते आणि वर गोटासाठी वेगळे कापड लागते. काठापासून सुरू करणाऱ्या पद्धतीला दोन्हींची गरज नाही.

पांघरूण झिजते तेही कडेनेच. ओढले जाते, पायाखाली येते, धुताना पिळले जाते, दोरीवर टांगले जाते, आणि प्रत्येक वेळी ताण काठावर येतो. म्हणून काठाला कापड मजबूत लागते, आणि साडीनेसत्या प्रदेशात ते कुठून मिळते हे उघड आहे. हातमागाच्या लुगड्याचे काठ दाट विणीचे असतात, अंग विरळ. लुगडे आधी विरते ते मधल्या भागात. महाराष्ट्रात विरलेला भाग काढून दोन चांगले तुकडे पुन्हा जोडीत, त्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी काही वर्षे नेसले जाई. तेही फाटले की त्याचे धडपे होत आणि धडप्यांची गोधडी, वाकळ किंवा बाळाचे दुपटे होई. या सगळ्या प्रवासात काठ सगळ्यात उशिरा दगा देतो. लाल किंवा हिरव्या काठाची पट्टी गोधडीच्या कडेला आलेली दिसते, तेव्हा तिला शोभा म्हणून पाहणे बरोबर आहे, पण अपुरे आहे. ती तिथे आली कारण साऱ्या लुगड्यात टिकाऊ म्हणावे असे तेवढेच उरले होते. मात्र एका लुगड्याचे काठ गोधडीच्या चारही बाजूंना पुरतीलच असे नसते. मग दोन लांब बाजूंना एक काठ आणि आखूड बाजूंना दुसरा, किंवा मध्येच रंग बदललेला, अशी रचना होते. त्या बदलाची जागा कोणती, कोपरा की बाजूचा मध्य, हे ठरवणे भाग पडते, आणि ते ठरवणारी बाई त्या क्षणी रचनाकार असते.

काठ आणि ठिगळ यांचे हे नाते या भूमीवर फार जुने आहे. पाली विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांविषयी एक प्रकरण आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांनी मगधातली भातशेती पाहिली, तिचे बांध आणि बांधांच्या छेदातून झालेल्या चौकटी आनंदाला दाखवल्या आणि भिक्षूंसाठी असे वस्त्र करता येईल का, असे विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. त्या चीवराच्या भागांची नावे ग्रंथात येतात. मोठ्या पट्ट्या वेगळ्या, अर्ध्या पट्ट्या वेगळ्या, मधले खंड वेगळे. आणि चीवराला भोवतीने लावायच्या काठालाही स्वतंत्र नाव आहे, अनुवात. कापून जोडलेले वस्त्र श्रमणांना शोभते आणि त्याची कुणाला हाव सुटत नाही, असे कारण तिथे दिले आहे. यावर कुणी म्हणेल की चीवर म्हणजे गोधडी नव्हे, ते नियमाने ठरवलेले वस्त्र आहे, ऐनवेळी सुचलेले नाही. हे खरे आहे. मी कवंदीची वंशावळ मगधापर्यंत नेत नाही. पण ज्या काळात तुकड्यांचे वस्त्र कसे असावे याचा पहिला लेखी विचार या देशात झाला, त्या काळातच काठाला वेगळा अवयव मानले गेले, आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते शेताच्या बांधाचे, जो आधी घातला जातो आणि ज्याच्यावरून आतली लागवड ठरते. एवढे मला पुरेसे वाटते.

मग काठ शेवटी घालण्याची पद्धत कुठून आली? तिच्या मुळाशी आपलेच कापड आहे, हे सांगायला हवे. सतराव्या-अठराव्या शतकांत मच्छलीपट्टणम आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून पलमपोर नावाची रंगीत चादर युरोपात जाई. मध्ये फुलांचे मोठे झाड आणि चारही बाजूंनी वेलबुट्टीचा काठ. तिचे वेड इतके पसरले की आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी इंग्लंडने १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली, आणि ती १७७४ पर्यंत टिकली. महागड्या छिटातली फुले कातरून साध्या कापडावर शिवायची, भोवती एकामागून एक चौकटी घालायच्या, ही इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या रजयांची धाटणी या चादरींच्या सावलीत वाढली. अमेरिकेत १८४० नंतर गिरणीचे स्वस्त कापड मुबलक झाले आणि सारख्या मापाचे चौकोन वेगवेगळे शिवून जोडण्याची रीत रुळली. अशा रजईत मधला भाग आधी पुरा होतो, त्याचे माप कळते, आणि मग काठ मोजून घालता येतो. नक्षीची आवर्तने बाजूच्या लांबीत नेमकी बसली पाहिजेत आणि कोपऱ्यावर वेल न तुटता वळली पाहिजे, ही कारागिरीची कसोटी झाली. लँकेस्टर परगण्यातल्या आमिश बायकांनी काठ हातभर रुंद ठेवून त्यावर बारीक टाक्यांचे उत्कृष्ट काम केले, तेही मापाच्या शिस्तीतच. या परंपरेत थोर काम झाले आहे. पण तिची अट एक आहे, एकाच जातीचे कापड हवे तेवढे मिळाले पाहिजे. बाजूभर पुरेल असे सलग छीट ज्या घरात नाही, तिथे हा हिशेब सुरूच होत नाही.

अमेरिकेतच अशी घरे होती. अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स परगण्यात नदीने तीन बाजूंनी वेढलेले जीज बेंड नावाचे गाव आहे. जोसेफ जी नावाच्या मळेवाल्याने १८१६ मध्ये तिथे जमीन घेतली. १८४५ मध्ये मळा मार्क पेटवेकडे गेला, आणि त्याचे सुमारे शंभर गुलाम उत्तर कॅरोलायनाहून तिथवर चालत आणले गेले. आजही त्या गावात पेटवे आडनाव घरोघर आहे. गुलामी संपल्यावर ही माणसे वाट्याने शेती करत तिथेच राहिली, आणि बायकांनी शेतात झिजलेल्या विजारी, सदरे, पिठाची पोती यांतून पांघरुणे शिवली. त्यांच्या एका आवडत्या रचनेला त्या हाउसटॉप म्हणतात. मध्ये एक तुकडा, त्याच्या एका बाजूला पट्टी, मग दुसऱ्या बाजूला, अशा फेऱ्या बाहेर वाढत जातात. नीट पाहिले तर या रजईत काठाशिवाय काहीच नाही. मधला तुकडा हे निमित्त. बाकी सगळे काठामागून काठ. दिशा कवंदीच्या उलट आहे, आणि म्हणून अडचणही उलट बाजूला येते. एक फुटाच्या चौकोनाभोवती तीन-तीन इंचांच्या आठ फेऱ्या घातल्या तर पाच फुटांचा चौकोन होतो, पण माणूस चौकोनी नसतो. सात फूट लांबी हवी तर दोन टोकांना आणखी पट्ट्या लावाव्याच लागतात. कवंदीतली विषम बाकी मध्यात जमा होते, हाउसटॉपमधली बाहेरच्या काठात. जीज बेंडच्या पुष्कळ रजयांना दोनच बाजूंना जादा पट्टी दिसते किंवा चारही बाजूंचे काठ वेगवेगळ्या रुंदीचे असतात. त्याला लहर म्हणण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

हिशेबाने सगळे उलगडते असे मात्र नाही. अॅनी मे यंग यांची १९७६ च्या सुमाराची एक रजई प्रसिद्ध आहे. मध्ये लाल, नारिंगी, तपकिरी कॉर्डरॉयच्या पट्ट्यांचा भडक चौकोन, आणि भोवती कामाच्या जुन्या डेनिम कपड्यांच्या रुंद निळ्या पट्ट्या. ज्या जागी खिसे उसवून काढले तिथे कापड उन्हापासून वाचले होते, तिथे निळा गडद राहिला आहे, आणि ते गडद चौकोन त्यांनी लपवलेले नाहीत. काठाला मजबूत कापड हवे, हे जुने कारण इथेही आहे. पण विजारीचा कुठला भाग कुठे यावा, खिशाची खूण कोपऱ्याजवळ ठेवावी की दूर, हे कापडाने ठरवलेले नाही. ते त्यांनी ठरवले.

याच गावाच्या परिसरात १९६६ मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांकडून मागणी येऊ लागली. नागरी हक्कांच्या चळवळीत मतदानासाठी नाव नोंदवल्याबद्दल ज्यांचे काम आणि घर गेले, अशा कुटुंबांना या पैशाचा आधार झाला, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण दुकानाला एकसारखा माल लागतो. चित्रात दिसली तशीच दुसरी, तिसरी, शंभरावी रजई आली पाहिजे, काठाची रुंदी तीच, कोपरे तसेच. बायकांनी ती शिस्त शिकून घेतली आणि उत्तम मालही दिला. घरी स्वतःच्या पलंगासाठी शिवताना मात्र त्या पुन्हा आपल्या पद्धतीवर येत. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचे काम मिळाले, त्याच्या उरलेल्या चिंध्यांतून गावात ज्या रजया झाल्या त्या आज संग्रहालयांत आहेत. एकाच हाताने दोन्ही प्रकार केले, यावरून एक शंका कायमची मिटते. मोजून काठ घालता येत नव्हता म्हणून त्या बायका न मोजता घालत, असे कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे. गरिबीत माणूस मिळेल ते शिवतो. त्यात रचना शोधणे हा पोटभर जेवलेल्यांचा उद्योग आहे, आणि शिवणारणीच्या हालांना कला म्हणून नटवणे बरे नव्हे. या आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे. २००२ मध्ये जीज बेंडच्या रजया ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर टांगल्या गेल्या, तेव्हा काही समीक्षकांनी त्यांना अमूर्त चित्रांच्या रांगेत बसवले. त्या कौतुकात कापड कुठून आले, काठ झिजतो कसा, पांघरूण कुणाच्या अंगावर होते, हे प्रश्न मागे पडले. पण आक्षेपाचे उत्तर वस्तूंतच आहे. गरज कापड ठरवते, जाडी ठरवते, काठाची मजबुती ठरवते. कवंदीच्या कोपऱ्यातली फुला कुठल्या गरजेने आली? तिने ऊब वाढत नाही, शिवण पक्की होत नाही, आणि तिला कापड लागते ते लागतेच. एवढ्या टंचाईत चार कोपऱ्यांसाठी बाजूला काढून ठेवलेली ती चिंधी हाच निवडीचा पुरावा आहे. लालभडक कापडाचा एकच फाटका सदरा असेल तर त्याची ठिगळे एका जागी न लावता चारही बाजूंना वाटून टाकली जातात. त्यासाठी सदरा आधीच कापून, मोजून, पुरवून वापरावा लागतो. हे घडते ते काठाच्या फेरीत, जिथे अजून सारे कापड शिल्लक असते. आत जावे तशी निवड कमी होत जाते.

तिसरा मुद्दा आफ्रिकेचा. सिद्दींची कवंदी आणि जीज बेंडची रजई शेजारी ठेवली की दोन्हींत एकात एक चौकटी, तुटक लय आणि विषम पट्ट्या दिसतात, आणि हा आफ्रिकेहून आलेला वारसा असावा असे वाटते. अमेरिकेत रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या पट्ट्यांच्या विणकामाशी हा धागा जोडला. रजयांच्या इतिहासकार क्युएस्टा बेनबेरी यांनी मात्र कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कामाला अशा एकाच साच्यात कोंबू नका असे बजावले, कारण त्यांनी मोजूनमापून केलेल्या रजयाही भरपूर आहेत. मला बेनबेरींचे म्हणणे पटते, आणि सिद्दींचे उदाहरण त्याला बळ देते. अमेरिकेत नेलेली माणसे मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली होती, गोव्यात आणलेली पूर्वेकडची. कापडाच्या परंपरा त्या खंडात एक नाहीत. आणि सिद्दींच्या शेजारी उत्तर कर्नाटकात कौदी, महाराष्ट्रात गोधडी आणि वाकळ, सिंध-कच्छात एकाबाहेर एक काठ असलेली रल्ली हे सारे आहेच. त्या शिवणाऱ्या बहुतेक बायकांचा आफ्रिकेशी संबंध नाही. आपल्याकडच्या कित्येक गोधड्यांवरही धावदोऱ्याच्या चौकोनी फेऱ्या काठाकडून मध्याकडे गेलेल्या असतात. म्हणजे साम्याचे मोठे कारण कापडाच्या परिस्थितीत आहे. जुने, वेगवेगळ्या जाडीचे, लहान तुकड्यांतले कापड, एकच जाड सुई, आणि एक आख्खी बाजू पुरेल असे काहीही हाताशी नाही. तरीही सिद्दी बायकांनी कवंदीला आपल्या समाजाची खूण म्हणून पुढे आणले, तिच्यासाठी सहकारी गट उभा केला, काहींनी तिच्यावर क्रूस किंवा चंद्रकोर घातली. तो त्यांचा अधिकार आहे, आणि तो आफ्रिकेपासून पुराव्यांची साखळी जुळण्यावर अवलंबून नाही. समाजाची खूण होण्यासाठी ती परक्या खंडातून आलेली असावी लागत नाही. इथे राहून, इथल्या साड्यांतून घडवलेली असली तरी पुरे.

आज महाराष्ट्रात गोधडीला पुन्हा गिऱ्हाईक आहे. शहरांतल्या दुकानांत, प्रदर्शनांत ती मिळते, आणि ज्यांच्या हातांना त्यातून काम मिळते त्यांच्यासाठी हे चांगलेच झाले. पण विकत मिळणाऱ्या बहुतेक गोधड्यांचा काठ आता शिलाई यंत्रावर लावलेला, नव्या कापडाच्या सलग गोटाचा असतो. कारणे समजण्यासारखी आहेत. सिंथेटिक साड्यांची कड जुन्या हातमागाच्या काठासारखी दाट नसते, ती घसरते, दुमडीवर नीट बसत नाही, आणि गिऱ्हाइकाला सरळ रेघ हवी असते. परिणाम असा की मधली ठिगळे अजून बाईच्या मनाने लागतात, पण जिथे तिचे सगळ्यात जास्त निर्णय होत असत ती जागा तिच्या हातून गेली आहे. हा तोटा मला मोठा वाटतो. गोट लावण्यात वाईट काही नाही. पण बाहेरची चौकट आधीच मापून दिली की आत उरते ते रंग भरण्याचे काम.

म्हणून जे गोधड्या जमवतात, त्यांची छायाचित्रे काढतात, संग्रहालयांसाठी नोंदी करतात, त्यांना एक विनंती आहे. वरून एक छायाचित्र घेऊन थांबू नका. गोधडी उलटी करा. पहिला टाका कोणत्या कोपऱ्यात आहे, फेऱ्या किती आहेत, काठाला कोणत्या साडीचा काठ आहे आणि तो कुठे बदलतो, कोणती बाजू दुहेरी केली आहे, मध्यात चौकोन उरला की चीर, हे लिहून ठेवा. शिवणारी बाई हयात असेल तर सुरुवात कुठून केली आणि तिथूनच का, हे तिला आधी विचारा. नक्षीचे नाव नंतर विचारले तरी चालेल. आणि घरात जुनी गोधडी असेल, तिचा काठ विरला असेल, तर नवा गोट मारून तो झाकण्याआधी त्याची एवढी नोंद तरी करून ठेवा.